भोंग्याचे पाच आठवडे

३ मार्च, सोमवार

पाच आठवडे! पाच आठवडे तोंड उघडायचं नाही. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, खाकरायचं नाही. कुजबुजायचंही नाही — कुजबुजणं म्हणे ओरडण्याइतकंच वाईट.

घशाच्या डॉक्टरबाईंनी नाकातून नळी घातली आणि पडद्यावर माझेच स्वरतंतू मला दाखवले. दोन फिकट पट्ट्या. दोन्हींवर समोरासमोर एकेक गाठ. एकीवर लाल डाग — काल ओरडताना तिथे रक्त उतरलं. एवढ्याशा दोन पट्ट्यांवर मी तीस वर्षं मैदान दणाणून सोडलं? ‘पुन्हा कालसारखं ओरडलात तर आवाज कायमचा जाईल,’ बाई म्हणाल्या. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. पहिलीतल्या पोरासमोर ठेवतात तसं. वय वर्षं त्रेपन्न माझं!

कालचं लिहून ठेवतो. मध्यंतराला दोन गोल खाऊन आलो होतो. पोरं बाकावर, मी उभा. भाषण रंगात आलेलं. मी म्हणालो, ‘जो संघ मध्यंतरालाच हार मानतो, त्याला इतिहास—’ आणि आवाज फाटला. कापड फाटावं तसा. मग नुसती हवा. पोरं थोडा वेळ थांबली. इतिहास त्या संघाचं काय करतो, हे एकानेही विचारलं नाही. मेहुणा म्हणाला, ‘चला रे, बूट आवळा.’ गेली!

चार-शून्य हरलो. वाक्य अजून घशातच आहे.

म्हणून ही वही. कुठेतरी ओतायलाच हवं, नाहीतर माणूस फुटेल.

ही, म्हणजे बायको, कोर्टात लघुलेखक आहे. दिवसभर वकिलांचं बोलणं टिपते. दवाखान्यात सोबत होती. जिन्यात विचारलं, ‘पूर्ण पाच आठवडे ना? मध्ये कमी-बिमी नाही ना करणार त्या?’ चेहऱ्यावर काळजी होती. काळजीच होती असं धरून चालतो.

४ मार्च, मंगळवार

हिने पाटी आणून दिली. लहान मुलांची, लाकडी चौकटीची. ‘अक्षर मोठं काढा, वाक्य लहान,’ म्हणाली.

सकाळी लिहिलं: चहा थंड असण्यामागे केवळ हवामान नसून एक वृत्ती आहे. पाटी ‘हवामान’पाशीच संपली. तिने तेवढं वाचलं आणि खिडकी लावून घेतली.

६ मार्च, गुरुवार

सराव. शिट्टी वाजवायलाही बंदी — घशावर ताण येतो. मैदानाच्या कडेला पाटी घेऊन उभा राहिलो. पाटी कोण वाचतंय? पळणारा माणूस पाटी वाचत नाही. पळणाऱ्या माणसापर्यंत पोचतो तो फक्त आवाज. हेच तर मी आयुष्यभर सांगत आलो!

माझा सिद्धांत साधा आहे. मैदानावर बावीस माणसं. त्यांतल्या वीस जणांची कुणाकडे ना कुणाकडे पाठ असते. सगळं मैदान समोर दिसतं ते फक्त दोन्ही गोलकीपरांना. ज्याला सगळं दिसतं त्यानं गप्प बसणं हा गुन्हा आहे. आळस नाही, लाजाळूपणा नाही — गुन्हा! पंधरा सीझन मी याच क्लबच्या गोलमध्ये उभा राहिलो आणि पंधरा सीझन पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बोललो. लोक मला भोंगा म्हणायचे. मी ते नाव मानाच्या पदासारखं वागवलं. गोलकीपरचा प्रशिक्षक झालो, मग मुख्य प्रशिक्षक झालो; सिद्धांत बदलला नाही. त्यावर चाळीस पानांची पुस्तिका लिहिली, क्लबच्या पैशाने छापली, प्रत्येक खेळाडूला दिली. गेल्या वर्षी कपड्यांच्या खोलीतलं कपाट डुगडुगत होतं, तेव्हा त्याच्या पायाखाली सहा प्रती सापडल्या.

आणि नशिबाने गोलकीपर मिळाला कोण? घुम्या! सव्वीस वर्षांचा, सहा फूट दोन इंच, हात असे की कॉर्नरचा बॉल हवेतून फळ तोडावं तसा काढतो. आणि तोंडातून शब्द नाही. सकाळी बस डेपोत इंजिनं खोलतो, दुपारी इथे येतो. दोन वर्षं शिकवतोय त्याला — ओरड! सांग! हुकूम दे! तो मान हलवतो. मान तरी का हलवतो? ‘हो सर’ म्हण की!

मेहुणा उपप्रशिक्षक. हिचा मोठा भाऊ. माझ्या पंधरा सीझनपैकी बारा तो माझ्यापुढे स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, होता, म्हणून मैदानावर आमचं अरे-तुरे. घराच्या उंबऱ्याच्या आत मी दाजी, आणि अहो-जाहो. आज सराव त्यानेच घेतला. चाळीस मिनिटांत संपवला. मला दोन तास लागतात. अर्थात माझ्या सरावात विचारही असतो.

९ मार्च, रविवार

मध्यंतराला शून्य-एक. मेहुण्याला चार पानं लिहून दिली, दोन्ही बाजूंनी. काल दिवसभर बसून लिहिली होती. त्यात ग्रीकांचा तो वक्ता होता, तोंडात गोटे धरून समुद्रावर बोलायला शिकलेला. त्यात भय आणि सावधगिरी यांतला फरक होता. शेवट असा होता की दगडाला घाम फुटावा.

मेहुण्याने पानं चाळली. उलटी केली, सुलटी केली. मग पोरांना म्हणाला, ‘कोच म्हणतायत, डावीकडून खेळा. त्यांचा उजवा बॅक दमलाय. पाणी प्या.’

एक-एक! सलग सहा पराभवांनंतर पहिला गुण.

पानं परत मागितली तर त्यांवर कुणीतरी बूट पुसलेले.

१० मार्च, सोमवार

अध्यक्षांचा निरोप — ‘अभिनंदन. तब्येत जपा. घाई नको.’ अध्यक्षांचा गाद्यांचा कारखाना आहे. आमच्या जर्सीवर त्यांचीच जाहिरात. अकरा लढवय्यांच्या छातीवर काय लिहिलंय? ‘निवांत झोपा’! गेल्या वर्षी मी सभेत याविरुद्ध वीस मिनिटं बोललो होतो. ठराव झाला: अक्षरं मोठी करावीत.

१६ मार्च, रविवार

जिंकलो. दोन-शून्य. आनंद झाला. झालाच. का नाही होणार?

एक गोष्ट टिपून ठेवतो. सत्तराव्या मिनिटाला कॉर्नर आला. गर्दी. घुम्या पुढे निघाला आणि मला स्पष्ट ऐकू आलं — ‘माझा.’ एवढंच. ओरडला नाही. दुकानात गिऱ्हाईक आपली पिशवी दाखवतं तसं म्हणाला. आणि तिन्ही बॅक बाजूला झाले! बॉल त्याच्या हातात.

दोन वर्षं मी घसा फोडला, तेव्हा हा शब्द कुठे होता?

१८ मार्च, मंगळवार

आज भांडण. एकाला बोलता येत नसताना जेवढं होतं तेवढं.

सरावानंतर सामानाच्या खोलीत मी मेहुण्याला पाटीवर लिहून दाखवलं: घुम्या बोलू लागला — माझ्या शिकवणीचं फळ. (वाक्य मावलं. हल्ली मावतात.) त्याने वाचलं. जाळीत बॉल भरत राहिला. मग म्हणाला, ‘तसं नाही रे. तू कडेला गप्प असतोस ना, म्हणून त्याचं ऐकू येतं.’

मी लिहिलं: माझ्या काळी माझंही ऐकू यायचं!

‘यायचं की. गावाला यायचं.’

मी: मग?

तो जाळीवर बसला. म्हणाला, ‘एक विचारू? राग येणार नसेल तर. तू ओरडायचास — डावीकडे, डावीकडे! आठवतं? आम्ही बॉलमागे तुझ्याकडे तोंड करून धावत येत असायचो. तर डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे की आमच्या?’

मी पाटी हातात धरून उभा!

‘पहिल्या वर्षी विचारायचं राहून गेलं. नंतर विचारायला लाज वाटायला लागली. मग आम्ही चौघा बॅकांनी ठरवलं, आपण आपला बॉल बघू. कोच बदलले, बॅक बदलले. नवीन आला की जुना त्याला सांगायचा — मागून आवाज येईल, घाबरायचं नाही, तो येतच असतो.’

खडू मोडला. मी भिंतीवर लिहायला गेलो, तर म्हणाला, ‘आत्ताच रंग दिलाय, अरे!’

बारा वर्षं! बारा वर्षं माझ्यापुढे उभा होता हा माणूस, माझ्या हाकेवर जीव टाकणारा, असं मी सभांमधून सांगत आलो. याच्याच बहिणीशी लग्न केलं. कप जिंकला त्या वर्षी मी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बोललो होतो — ‘माझ्या शब्दाबरहुकूम बचाव हलतो.’ हलत होता तो. हलत होता, पण बॉलबरोबर!

फ्रेंच क्रांतीच्या इतिहासात एक वक्ता आहे, त्याच्या शब्दासरशी डोकी उडायची. शेवटच्या दिवशी त्याच्याच जबड्याला गोळी लागली आणि बचावाचं एक वाक्य न बोलता तो फासावर — फासावर नव्हे, पात्याखाली गेला. त्याला निदान इतकं तरी ठाऊक होतं की लोक ऐकत होते.

१९ मार्च, बुधवार

पण डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे — हे सांगायचं असतं का?

२३ मार्च, रविवार

पुन्हा जिंकलो. एक-शून्य. घुम्याने पेनल्टी अडवली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मला पाहून सगळे हसले. प्रेमाने हसले. मी मुका झाल्यापासून लोक माझ्याशी फार प्रेमाने वागतात. दुकानदार दोन टोमॅटो जास्त टाकतो.

२५ मार्च, मंगळवार

काल वार्ताहर येऊन गेला. सहा प्रश्न विचारले. मी तीन पानं उत्तरं लिहून दिली — खेळ आणि स्वातंत्र्य, नेतृत्व, जर्सीवरचं ते वाक्य. आज छापून आलं. मथळा: ‘मौनातून मार्गदर्शन’. आत: ‘विजयाचं रहस्य विचारताच प्रशिक्षक नुसते हसले.’

हसलो नव्हतो! ठसका आवरत होतो!

हिने कात्रण काढून फ्रिजवर लावलं. ‘फोटो चांगला आलाय,’ म्हणाली. ‘तोंड मिटलं की तुम्ही विचारी दिसता.’

घुम्याचं मात्र गंभीर आहे. डेपोने पत्र दिलंय. एक मेपासून कायम नोकरी, पण दिवसपाळी, सकाळी नऊ ते सहा. म्हणजे सराव बंद, खेळ बंद. नाही म्हणाला तर नोकरीही गेली. घरी आई आणि शिकणारी बहीण. दुसरीकडून वरच्या डिव्हिजनच्या एका क्लबचा माणूस गेल्या दोन मॅच बघून गेला. शेवटच्या मॅचला पुन्हा येणार. त्याने घेतलं तर घुम्या फुटबॉलवर जगेल. नाही घेतलं तर एक मेला हातमोजे खुंटीला.

हे मला घुम्याने सांगितलं नाही. पत्र हातात दिलं आणि उभा राहिला. मी पाटीवर लिहिलं: तू काय म्हणतोस? त्याने पाटी दोनदा वाचली. म्हणाला, ‘बघू.’

दोन मुक्यांचा संवाद. तरी सांगतो, त्या ‘बघू’मध्ये जे होतं ते माझ्या पुस्तिकेच्या चाळीस पानांत नाही. हे वाक्य कुणाला दाखवायचं नाही.

३० मार्च, रविवार

शून्य-शून्य. हिशोब सरळ झाला. पुढच्या रविवारी घरच्या मैदानावर शेवटची मॅच. बरोबरी पुरे. हरलो तर खालची डिव्हिजन.

२ एप्रिल, बुधवार

समितीने बोलावलं. बोलावलं म्हणजे बसवलं. अध्यक्ष म्हणाले, ‘तुमची ही जी नवी पद्धत आहे ना, शांततेची — फार आधुनिक आहे. मी कारखान्यातही सुरू केली. सुपरवायझरांना सांगितलं, बोलू नका, नुसतं बघा.’ सचिवांनी विचारलं, डिव्हिजन टिकली तर करार आणखी तीन वर्षं वाढवावा का? सर्वानुमते हो. ‘फक्त एक विनंती,’ अध्यक्ष म्हणाले, ‘पद्धत बदलू नका.’

म्हणजे मला बोलू न देण्यासाठी करार! मी सात-आठ ओळींचा निषेध मनात बांधला. पाटी उचलली. मग हिचा चेहरा आठवला, घराचे हप्ते आठवले. लिहिलं: धन्यवाद.

थू.

६ एप्रिल, रविवार

गेलं सगळं. आणि मी घालवलं. क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या स्वतःलाच खोटं सांगेन.

मॅच चारला सुरू. मैदान भरलेलं. वरच्या क्लबचा माणूस टोपी घालून तिसऱ्या रांगेत. आमच्या बाकामागे, जिथे गाडी लावायला सगळ्यांना बंदी आहे, तिथे अध्यक्षांची नवी गाडी. त्यांना बंदी कोण घालणार? बंदीच्या पाटीवर सही त्यांची.

घुम्या भिंतीसारखा खेळला. नाही, ही उपमा घालवून टाकतो, भिंत जागची हलत नाही. तीन बॉल असे काढले की विरोधी प्रशिक्षकाने डोक्याला हात लावला. अठ्ठ्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. मी बाकापुढे उभा, मेहुणा शेजारी.

एकोणनव्वदावं मिनिट. ऊन तिरपं उतरलेलं. त्यांचा विंगर पलीकडच्या कडेने निघाला. घुम्याची नजर त्याच्यावर — बरोबर. बॅकांची नजर त्याच्यावर — बरोबर. आणि मला दिसलं, अलीकडच्या खांबापाशी त्यांचा दहा नंबर एकटा. मोकळा! कुणीच बघत नाही. सगळं मैदान दिसत होतं ते मला!

मी ओरडलो. ‘मागे!’

पाच आठवडे साठलेलं सगळं त्या एका शब्दात. मानेच्या शिरा तडतडल्या. कानात घण बसल्यासारखं झालं. आणि घुम्याने मान वळवली. आमच्या बाकाकडे! बॉल विंगरच्या पायातून सुटत असताना, त्याच क्षणी, त्याने माझ्याकडे बघितलं. हात डोळ्यांपर्यंत वर गेला, ‘काय?’ असं विचारल्यासारखा. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच. परत वळला तोवर बॉल त्याच्यापुढे टप्पा खाऊन जाळीत. दहा नंबरला पाय लावायचीसुद्धा गरज पडली नाही.

शून्य-एक. डिव्हिजन गेली.

टोपीवाला उठला. वहीत काहीतरी खोडलं.

आता एक गोष्ट लिहितो आणि यापुढे लिहिणार नाही. बॉल जाळीत गेला त्या क्षणी, सगळ्यांत आधी, माझ्या मनात दुःख आलं नाही. मला बरं वाटलं. ऐकलं! शेवटी कुणीतरी माझं ऐकलं!

७ एप्रिल, सोमवार

समितीने घुम्याला बोलावलं. मीही होतो, पाटीसकट.

अध्यक्षांनी विचारलं, ‘मोक्याच्या वेळी मान का वळवलीस?’

घुम्या म्हणाला, ‘काच चमकली.’

‘कसली काच?’

‘गाडीची.’

‘माझ्या? बॉल सोडून तू माझी गाडी बघत होतास होय?’ हशा. सचिव तर टेबलावर आडवे. घुम्या खाली बघत उभा. 

आणि माझ्या काळजात लख्ख झालं. हा मला वाचवतोय! माझी हाक त्याने ऐकली, तिच्यामुळे गोल खाल्ला, आणि आता गुरूचं नाव यायला नको म्हणून गाडीची काच पुढे करतोय! हुतात्म्यांची चरित्रं मी ढीगभर वाचली आहेत. बस डेपोतल्या, हाताला ग्रीस लागलेल्या या पोरापुढे ती फिकी पडली.

वरच्या क्लबचं पत्र आलंय: ‘निर्णायक क्षणी नजर हटते. विचार थांबवला आहे. कारण असल्यास कळवावे.’

कारण आहे! कारण इथे बसून वहीत लिहितंय.

९ एप्रिल, बुधवार

डॉक्टरबाई खूश. ‘गाठी विरल्या. डाग गेला. छान पाळलंत! एकदाही ओरडला नाहीत, दिसतंच आहे.’

दिसतंच आहे म्हणे! यंत्राला पश्चात्ताप दिसत नाही. मी नजर टाळली.

दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी. हळू.

बाहेर येऊन हिला पहिला शब्द म्हणालो — तिचं नाव. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला, घसरगुंडीवरून उतरल्यासारखा. ती थांबली. डोळे भरले. म्हणाली, ‘आता सावकाश हं. सगळं एकदम नको.’

पण मी ठरवलंय. परवा समितीची बैठक. घुम्याचा दोष कागदावर येणार. माझा करार मात्र शाबूत — डिव्हिजन गेली तरी ‘पद्धत’ त्यांना आवडली आहे! म्हणजे गप्प बसलो तर नोकरी माझी आणि बदनामी त्याची. बोललो तर उलट. त्रेपन्नाव्या वर्षी दुसरं काम कोण देणार? घराचे हप्ते अजून सहा वर्षं. हिला सांगितलं. तिने हप्त्यांची वही उघडून बघितली. मग म्हणाली, ‘माझा पगार आहे. बोला.’

एकोणतीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिने मला पहिल्यांदा म्हटला.

११ एप्रिल, शुक्रवार

बोललो.

पाच मिनिटांचं ठरवून उभा राहिलो, पस्तीस मिनिटं बोललो. सात दिवसांचा वाटा एका बैठकीत. पण काय बोललो! हळू आवाजात बोलायचं असल्यामुळे सगळे पुढे वाकून ऐकत होते — ही युक्ती मला तीस वर्षांपूर्वी कळायला हवी होती. सत्ता आणि जबाबदारी, सेनापतीची चूक आणि शिपायाचा बळी, इथून सुरुवात केली. मग एकोणनव्वदावं मिनिट. मग तो एक शब्द. ‘हाक माझी होती,’ मी म्हणालो. ‘त्याने मान वळवली ती बॉलपासून नव्हे, आज्ञेकडे! तुम्ही ज्याला दोषी ठरवता आहात, त्याचा दोष एकच — शिष्य म्हणून तो फार चांगला निघाला!’ पाच सभासदांपैकी दोघांनी चष्मे पुसले. अध्यक्ष तर उभे राहिले. गाडीचा विषय कायमचा मिटला म्हणून उभे राहिले असतील. पण उभे राहिले.

राजीनामा दिला. दोन सेकंदांत मंजूर.

सचिवांनी इतिवृत्तात माझ्या पस्तीस मिनिटांची एक ओळ केली: ‘हाक आपली होती, ही चूक प्रशिक्षकांनी मान्य केली.’ तीच ओळ, क्लबच्या शिक्क्यासह, वरच्या क्लबला रवाना.

आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण. यात शंका नाही.

१२ एप्रिल, शनिवार

घुम्याला भेटायला डेपोत गेलो. बसखालून बाहेर आला. म्हणाला, ‘सर, तुम्ही असं कशाला...’ मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, ‘काही बोलू नकोस. मला सगळं कळलंय.’ तो म्हणाला, ‘तसं नाही सर, ते—’ मी म्हणालो, ‘शब्दांची गरज नाही.’ तो दोनदा तोंड उघडून थांबला. भावना अनावर झाल्या असणार. मी पुढची दहा मिनिटं त्याला मोठ्या क्लबमध्ये कसं वागायचं ते सांगितलं.

वरच्यांनी त्याला आठवडाभर चाचणीला बोलावलंय. सोबत मेहुणा. दोघं संध्याकाळीच निघाले. मेहुण्याला बैठकीचं काही ठाऊक नव्हतं. स्टेशनवर घाईत म्हणाला, ‘राजीनामा दिलास? का?’ गाडी सुटली.

१६ एप्रिल, बुधवार

नोकरीसाठी दोन अर्ज टाकले. एका शाळेत, एका बँकेच्या संघाकडे. शाळेने विचारलं, मोठ्या आवाजात शिकवता का? खालच्या वर्गांची झोपेची वेळ असते.

२० एप्रिल, रविवार

मेहुणा सकाळी आला, स्टेशनवरून थेट. घुम्याची सही झाली! तीन वर्षं. डेपोला त्याने काल ‘नाही’ म्हणून कळवून टाकलं. वरच्यांच्या अहवालाची प्रत मेहुण्याने दाखवली: ‘प्रशिक्षकाच्या हाकेने लक्ष विचलित. गोलकीपरचा दोष नाही.’ त्याच एका ओळीवर घेतलं त्याला.

मी कपात चहा ओतत होतो. मेहुणा उंबरा विसरून अरे-तुरेवर आला. म्हणाला, ‘कसली हाक? मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होतो. तोंड उघडलंस, शिरा ताणल्यास, लाल झालास. आवाज निघालाच नाही. मला वाटलं, जांभई दिलीस. पोराला काचच चमकली रे, मलाही चमकली होती.’

आतून हिने विचारलं, ‘काय झालं?’

मेहुण्याने अहवालाची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली. हळूच म्हणाला, ‘दाजी, हे आता कुणाजवळ बोलू नका.’

मी मान डोलावली.